लाकडी कुंपणाला स्टेन: आपल्या खानदेशी उन्हा-पावसात नेमकं काय टिकतं?

वाघूरकाठ | ११ ऑक्टोबर

मंडळी, नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गावातलं आमचं धाब्याचं घर पडायला आलं होतं, म्हणून गेल्या वर्षी उतरवलं. माती गेली, लाकूड राहिलं. आजोबांच्या वेळच्या तुळया, कड्या, खांब. विकायला मन होईना. सॉ मिलवर नेऊन तीन इंची पट्ट्या पाडून घेतल्या आणि नव्या घरासमोर साठ फूट कुंपण आणि एक फाटक उभं केलं. बहुतेक साग आहे, मध्ये मध्ये नीम आणि बाभूळ.

चूक इथे झाली. फेब्रुवारीत पॉलिशवाल्याच्या सांगण्यावरून क्लिअर वॉर्निशचे दोन हात मारले. काय चकाकत होतं! येणारा जाणारा हात फिरवून बघायचा. मे महिन्यात बारीक भेगा दिसायला लागल्या. श्रावणात पापुद्रे सुटले. आता दसरा येतोय आणि कुंपण उन्हात सोललेल्या पाठीसारखं दिसतंय. जिथे पापुद्रा गेला तिथे लाकूड राखाडी, खिळ्यांच्या खाली काळे ओघळ.

आता सगळं खरवडून वूड स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावायचं म्हणतोय. दुकानात डबा बघितला. त्यावर लिहिलंय, १० ते ३५ अंश तापमानात लावा. आमच्याकडे मार्च ते जून हा डबा उघडायचाच नाही म्हणा की!

तर, काय लावू, कधी लावू, किती वर्षं टिकेल? कोणी आपल्या भागात केलंय का?

---

ठोंब्या | ११ ऑक्टोबर

शीर्षक वाचून घाबरलो. कुंपणाला डाग देताय म्हटल्यावर मला वाटलं, अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते विचारावं.

---

केळीचा_घड | ११ ऑक्टोबर

भाऊ, डागच पाहिजे तर कंपनीचा डबा कशाला? रावेरला या. केळीचा चीक फुकट देतो. माझ्या लग्नातल्या शर्टावर पडलेला आहे, बावीस वर्षं झाली, चार साबण हरले.

आता खरं सांगतो. लाकूड आपल्या भागाचं कामच नाही. लोखंडी पाइप, त्याला रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट, आणि विसरून जा. मी स्वतः शेताला तार आणि सिमेंटचे खांब केले. आजोबांच्या आठवणीसाठी एक झोपाळा करायचा होता त्या लाकडाचा, ओसरीत. उन्हात कशाला उभं केलं बिचाऱ्याला?

---

रंधा | ११ ऑक्टोबर

धुळ्याहून. वडील सुतार होते, मी फर्निचरचं काम करतो. वाघूरकाठदादा, तुमच्या वॉर्निशचं जे झालं ते होणारच होतं. तुमच्या पॉलिशवाल्याला शिव्या नका देऊ, तो घरातल्या दारांना लावतो तेच त्याने बाहेर लावलं.

वॉर्निश लाकडाच्या वर बसतं, पापडासारखं. लाकूड आडव्या अंगाने सतत फुगतं आणि आकसतं. माझ्याकडे ओलावा मोजायचं छोटं मीटर आहे. बाहेर ठेवलेल्या एकाच सागाच्या फळीला मे महिन्यात ६ टक्के दाखवतं, ऑगस्टात १७. आता ही फळी वर्षातून एकदा एवढी हलणार आणि वरचा पापड मात्र कडक होऊन बसलेला. तो तडकतो. तडकलेल्या जागेतून पाणी आत जातं पण बाहेर निघायला वाट मिळत नाही, मग पापुद्रा उचलतो.

दुसरी गोष्ट, क्लिअर असल्यामुळे ऊन थेट आरपार जातं. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतं. म्हणजे वॉर्निशच्या खालचं लाकूडच भुसभुशीत होतं आणि वॉर्निशची पकड जाते. ते राखाडी दिसतंय ना, ते तेच.

स्टेनमध्ये रंगद्रव्य असतं. ते ऊन अडवतं. आणि मुरणारा तेलाचा स्टेन असेल तर पापुद्राच बनत नाही, मग सुटणार काय? तो झिजतो, फिका पडतो. दोन-तीन वर्षांनी धुवायचं, पुन्हा एक हात मारायचा. खरवडण्याची भानगड नाही.

टिकण्याचा माझा अंदाज: सेमी-ट्रान्सपरंट (लाकडाची रेघ दिसू देणारा) स्टेन, पश्चिमेकडच्या बाजूला दोन वर्षं, बाकी तीन. कोणी आठ वर्षांची गॅरंटी देत असेल तर त्याला आपल्या मे महिन्यात कुंपणाला टेकून उभं राहायला सांगा.

---

सुपारीबाग | १२ ऑक्टोबर

मी कोकणातला, पण बहीण चोपड्याला दिली आहे म्हणून बोलायचा थोडा अधिकार. तुमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याला तुम्ही पाऊस म्हणता? आमच्याकडे तेवढा कधी कधी आठवड्यात पडतो. आमच्या कुंपणाला जूनमध्ये शेवाळ, जुलैत बुरशी, ऑगस्टात आळंबी. जेवण तयार.

आमच्याकडे जुने लोक लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. वाळवी फिरकत नाही. पण लावताना हातमोजे हवेतच, कातडी भाजते. आणि रंग काळपट येतो, तुमच्या नव्या घराला शोभेल की नाही सांगता येत नाही.

---

केळीचा_घड | १२ ऑक्टोबर

@सुपारीबाग, तुमचं लाकूड बारा महिने वाफेवर असतं. आमचं आधी भट्टीत भाजतात आणि मग बादलीत बुडवतात. सांगा बरं कोण आधी तडकेल.

---

गिरणाकाठची | १२ ऑक्टोबर

मी केलंय! कुंपण नाही, अंगणातला लाकडी आडोसा आणि झाडांच्या कुंड्यांचं स्टँड. स्वतःच्या हाताने, त्यामुळे काय करू नये याची माझ्याकडे पूर्ण माहिती आहे.

एप्रिलमधली सुट्टी, मुलांच्या परीक्षा संपलेल्या, सकाळी दहाला सुरुवात केली. अकरापर्यंत फळी एवढी तापली की ब्रश टेकवताच स्टेन तिथल्या तिथे सुकत होता. मुरायला वेळच नाही. एक पट्टा मारला, दुसरा त्याला जोडून मारायला गेले तर पहिला सुकलेला. जिथे जिथे एकावर एक आलं तिथे गडद पट्टे. झेब्रा! सासूबाई म्हणाल्या, छान आहे, नक्षी काढली का?

मग सँडपेपर मारून परत केलं, जुलैत. तेव्हा उलटं झालं. चार दिवस उघडीप होती म्हणून लावलं, पण लाकूड आतून ओलं असणार. स्टेन वर चिकट राहिला, पंधरा दिवस. त्यावर चिलटं, धूळ आणि शेजारच्या मांजराचे केस कायमचे बसले.

तिसऱ्यांदा नोव्हेंबरात केलं. ते आजपर्यंत आहे, तीन वर्षं झाली. मध्ये एकदा एक हात दिला.

तीन गोष्टी शिकले. एक फळी वरपासून खालपर्यंत पूर्ण करूनच दुसरी घ्यायची, मध्ये फोन आला तरी उचलायचा नाही. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर तेच चिकटतं. आणि सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करायचे, कारण दोन डब्यांचा रंग कधीही तंतोतंत सारखा नसतो. ढवळत पण राहायचं, रंग तळाशी बसतो.

---

ठोंब्या | १२ ऑक्टोबर

ताई, मांजराच्या केसांचा स्टेन कोणत्या कंपनीचा? टेक्श्चर फिनिश म्हणून विकता येईल.

---

निवृत्त_गार्ड | १३ ऑक्टोबर

भुसावळ. नोकरी रेल्वेत गेली. आमच्या तरुणपणी रुळाखाली लाकडी स्लीपर असायचे. ऊन, पाऊस, वरून गाडीचा भार, तरी वर्षानुवर्षं टिकायचे. त्यांना क्रिओसोट दाबाने आतपर्यंत भरलेलं असायचं. उन्हाळ्यात यार्डातून चाललं की तो डांबरी वास नाकात बसायचा. अजून आठवला की ड्युटीवर असल्यासारखं वाटतं. नंतर काँक्रीटचे आले.

माझ्या घरामागच्या गोठ्याचे खांब जुन्या स्लीपरचे आहेत. जमिनीतला भाग अजून शाबूत. बाकी कुंपणाच्या लाकडाला मी गॅरेजमधून जळकं ऑइल आणून मारतो. खर्च शून्य. वाळवी नाही. तुम्ही लोक पाचशे-हजाराचे डबे आणून झेब्रे काढत बसा.

---

प्रयोगवही | १३ ऑक्टोबर

अमळनेर, शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. गार्डकाका, तुमचा मान ठेवून विरोध करतो.

जळकं ऑइल सुकत नाही. इंजिनचं तेल हवेत घट्ट होण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यामुळे ते पावसाने धुपून जमिनीत उतरतं, आणि त्यात इंजिनाची झीज होऊन आलेले धातू आणि जळताना तयार झालेले घातक पदार्थ असतात. कुंपणाच्या आत विहीर किंवा बोअर, भाजीचा वाफा, लहान मुलं असतील तर अजिबात नको. आणि एकदा ते मुरलं की त्या लाकडावर पुढे कोणताच रंग धरत नाही.

क्रिओसोटही कोळशाच्या डांबरापासून काढतात. कातडीला वाईट, कॅन्सरचा धोका. युरोपात घरगुती वापराला बंदी आहे. गोठ्यातले खांब आहेत ते राहू द्या, पण ते कापू नका, आणि थंडीत शेकोटीला तर मुळीच घालू नका.

अळशीचं तेल (जवसाचं) चालतं का, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, खरं आहे. पण कच्चं तेल आपल्या दमट ऑगस्टात बुरशीला मेजवानी. आणि एक जीवावरची गोष्ट: तेल किंवा तेलाचा स्टेन पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटतं. आमच्या मे महिन्यात तर जास्तच. फडकी उलगडून दोरीवर वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

---

केळीचा_घड | १३ ऑक्टोबर

सर, माझे वडील बैलगाडीच्या लाकडाला हेच काळं ऑइल लावायचे. गाडी तीस वर्षं चालली.

---

प्रयोगवही | १३ ऑक्टोबर

आणि तुमच्या आईला त्यांचे सदरे धुवायला किती वर्षं लागली?

---

केळीचा_घड | १३ ऑक्टोबर

बरं. गप्प बसलो.

---

निवृत्त_गार्ड | १३ ऑक्टोबर

विहीर आहे माझ्याकडे. गोठ्यापासून वीस पावलांवर. कधी डोक्यात नाही आलं. विचार करतो.

---

वाघूरकाठ | १४ ऑक्टोबर

बापरे, एवढं वाचून कान धरले. आता पुढचे प्रश्न.

१) ते राखाडी आणि काळे ओघळ कसे काढू? सगळं रंध्याने तासायचं का? साठ फूट आहे हो.
२) दोन-तीन पट्ट्यांवर कडेला जुना हिरवा ऑइल पेंट आहे, दाराच्या चौकटीचा असावा. त्यावर स्टेन बसेल का?
३) खांब जमिनीत गाडलेत, काळी माती. दोन खांब आताच एका बाजूला झुकलेत. याला स्टेनने काही होणार नाही हे कळतंय, पण विचारून ठेवतो.

---

प्रयोगवही | १४ ऑक्टोबर

काळे ओघळ दोन प्रकारचे असतात. एका डागावर ब्लीचचा थेंब टाकून बघा. रंग उडाला तर ती बुरशी. तसाच राहिला तर लोखंड. सागात आणि त्याहून बाभळीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ओल्या खिळ्याच्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की शाई तयार होते. जुन्या काळी शाई अशीच करत. तुमच्या खिळ्यांखाली आहे म्हणजे शाईच.

त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड. पांढरे स्फटिक मिळतात. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास, प्लॅस्टिकच्या बादलीत. ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. राखाडीपणाही बराच उतरतो, लाकूड पुन्हा मधासारखं दिसतं. विष आहे ते, हातमोजे-चष्मा घाला, झाडांच्या मुळाशी सोडू नका. आणि ब्लीच वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन वाळल्याशिवाय ॲसिड लावू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो.

मग ते खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा शाई.

हिरव्या पेंटबद्दल जपून. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारे नियम २०१६ चे, अंमल २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तुमची चौकट त्याच्या खूप आधीची. कोरडा पेपर मारून धूळ उडवू नका. पट्टी ओली करून खरवडा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे त्या दोन-तीन पट्ट्या बदलून टाका.

---

गिरणाकाठची | १४ ऑक्टोबर

किंवा हिरव्याच राहू द्या ना. सुटा पापुद्रा नसेल तर वरून एक साधा रंगाचा हात द्या, म्हणजे खालचं झाकलं जाईल. आजोबांच्या दाराचा रंग आहे तो.

---

वाघूरकाठ | १४ ऑक्टोबर

ताई, आता ते बदलणं शक्यच नाही. आईला वाचून दाखवलं.

---

रंधा | १५ ऑक्टोबर

खांबांबद्दल. आपली तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती खांब ढकलतेच. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, काळी माती बाहेर काढा, भोवती मुरूम-खडी भरून ठोका. काँक्रीट ओतलं तर वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता करा, नाहीतर खांबाभोवती पेला तयार होतो, त्यात पाणी साचतं आणि बरोबर जमिनीच्या रेषेवर लाकूड कुजतं. माझं ऐकाल तर काँक्रीटमध्ये लोखंडी अँगल गाडा आणि लाकूड त्याला बोल्टने, जमिनीपासून दोन इंच वर. वाळवीला चढायला मातीचा रस्ता करावा लागेल, तो दिसेल.

आणि लोक सगळं अंग रंगवतात पण डोकं विसरतात. पट्टीचं वरचं टोक, जिथे कापलेलं आहे, तिथून लाकूड पाणी असं पितं जसं उसातून रस येतो, फक्त उलट्या दिशेने. टोकांना स्टेन दोनदा-तीनदा, पिणं थांबेपर्यंत. वरची टोकं सपाट असतील तर थोडी तिरपी कापून घ्या. नुसत्या तेवढ्याने दोन वर्षं वाढतील.

तासायची गरज नाही. करवतीचं खरबरीत लाकूड उलट चांगलं, स्टेन जास्त पितं म्हणून जास्त टिकतं. रंधा मारलेल्यापेक्षा दीडपट-दुप्पट माल लागेल एवढं धरून चला. फक्त वॉर्निश मात्र पूर्ण निघालं पाहिजे. ८० नंबरचा पेपर. पाण्याचे थेंब शिंपडून बघा: मोत्यासारखे वर बसले तर वॉर्निश अजून आहे, शोषले गेले तर तयार.

सागाचा एक नखरा. त्याच्यात स्वतःचं तेल असतं. ताजा पेपर मारलेल्या सागाला थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच लावा. आणि पट्टीच्या कडेला पांढरट भाग असेल तर तो सागाचा असला तरी साग नव्हे. टिकतं ते आतलं तांबूस लाकूड. पांढरा भाग वाळवी आवडीने खाते. तिथे आधी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी मुरवा, मग स्टेन.

---

तोरणमाळी | १५ ऑक्टोबर

नंदुरबार. आमच्याकडे सातपुड्यात साग दारात उभा असला तरी कुंपणाला बांबूच. माझ्या कुडाला तर काहीच लावत नाही. बांबू तोडला की वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा, आतलं साखर-पिष्ट निघून जातं, मग भुंगा लागत नाही. आमची माणसं अमावास्येच्या आसपासच तोडतात. सर आता त्याचं रसायनशास्त्र विचारतील, मला माहीत नाही.

चार वर्षांनी कूड मोडला की नवा. कशाला टिकवायचं सगळं?

---

ठोंब्या | १५ ऑक्टोबर

मूळ मुद्द्याला कोणी हात घातला नाही. जुनं धाब्याचं लाकूड कापल्यावर तुकडे उरले असतील. बामणोदची वांगी बाजारात आली की त्यावर भरीत किती जणांचं होईल?

---

केळीचा_घड | १५ ऑक्टोबर

भरीत कपाशीच्या काड्यांवर. सागावर वांगं भाजणारा माणूस खानदेशी नाही. वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कळण्याची पुरी... नको, रात्रीचे अकरा वाजलेत.

---

सुपारीबाग | १५ ऑक्टोबर

कळण्याची भाकरी ना? पुरी पण करता?

---

केळीचा_घड | १५ ऑक्टोबर

लग्नाची भरीत-पुरी खाल्ली नाही वाटतं बहिणीकडे. भाऊजींना सांगा, पाहुणचार कमी पडतोय.

---

प्रयोगवही | १६ ऑक्टोबर

विनोद वगळून: वॉर्निश, पेंट किंवा कोणतंही औषध मारलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत घालू नका. भरीतासाठी तर नाहीच. साध्या कोऱ्या तुकड्यांना हरकत नाही.

---

निवृत्त_गार्ड | १६ ऑक्टोबर

मुहूर्त कोणी सांगितला नाही अजून.

---

रंधा | १६ ऑक्टोबर

काका, बरोबर. आपल्याकडे दोनच खिडक्या आहेत. एक, परतीचा पाऊस थांबून लाकूड सुकलं की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे ते नोव्हेंबर अखेर. दुसरी, फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात रात्री पारा कधी कधी दहाच्या खाली जातो आणि पहाटे दव, त्यात तेल सुकत नाही. मार्चनंतर गिरणाताईंचा झेब्रा.

धुतल्यावर किमान तीन-चार कोरडे दिवस. मीटर असेल तर १५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच. सावलीच्या मागे मागे चालायचं: पूर्वेची बाजू दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी दव उडाल्यावर. चारच्या आत संपवायचं, म्हणजे रात्रीच्या दवाआधी वरून तरी धरेल.

एक खास आपल्या भागातलं: नोव्हेंबर म्हणजे कापूस. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात असतील किंवा जवळ जिनिंग असेल तर ओल्या स्टेनवर बोंडातला कापूस येऊन बसतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या फाटकाला दाढी आली होती.

---

गिरणाकाठची | १६ ऑक्टोबर

रंगाचं काय? मी गडद अक्रोडी घेतला होता. पश्चिमेकडच्या फळ्या इतक्या तापतात की हात ठेववत नाही, आणि त्याच जास्त तडकल्या. पुढच्या वेळी फिका घेणार.

---

रंधा | १६ ऑक्टोबर

ताई, फिक्यात रंगद्रव्य कमी, म्हणजे ऊन जास्त आत. अडचण आहे खरी. मध्यम घ्या, सागवानी किंवा मधासारखा. एकदम फिका घेतला तर वर्षात राखाडी.

---

तोरणमाळी | १६ ऑक्टोबर

पाण्याचा स्टेन कोणी वापरला नाही का? भाच्याने धुळ्यात लावलाय. वास नाही, ब्रश पाण्याने धुतला जातो, दोन पावसाळे झाले रंग तसाच आहे.

---

रंधा | १६ ऑक्टोबर

चांगला असतो, रंग जास्त टिकतो हे मान्य. पण आपल्या कोरड्या हवेत फार पटकन सुकतो, हात सराईत पाहिजे. आणि काही पाण्याचे स्टेन वर थर धरतात, मग कधीतरी पापुद्रा. जो माणूस पहिल्यांदा करतोय त्याला मी तेलाचाच सांगीन. मतभेद चालेल.

---

वाघूरकाठ | २३ नोव्हेंबर

झालं! हाताने केलं, मी आणि चुलतभाऊ. वॉर्निश खरवडण्यात नऊ दिवस गेले. स्टेनला फक्त तीन. ॲसिडने लाकूड उजळलं तेव्हा आई बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, माजघरातली तुळई अशीच दिसायची, मी नवी आले तेव्हा.

झुकलेले खांब काढून अँगलवर घेतले. बाकीचे आहेत तसेच ठेवले, कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. सागवानी रंग, टोकांना तीन हात. बाभळीच्या पट्ट्या वेगळ्याच गडद आल्या, पण आता त्या ओळखीच्या वाटायला लागल्यात. हिरवी पट्टी फाटकाजवळ आहे.

एक अपघात: दुसऱ्याच दिवशी सकाळी आईने कुंपणावर गोधडी वाळत टाकली. गोधडीला आता तीन-तीन इंचांचे सागवानी पट्टे आहेत.

---

ठोंब्या | २३ नोव्हेंबर

गोधडीवर रंग किती वर्षं टिकतो ते कळवा. मला वाटतं कुंपणापेक्षा जास्त.

---

निवृत्त_गार्ड | २३ नोव्हेंबर

गोठ्यातलं ऑइल मारणं बंद केलं आहे. विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. स्टेनचा डबाही आणला, नातू लावणार आहे म्हणतो. त्याने मोबाइल लांब ठेवला तर होईल.

---

वाघूरकाठ | १९ ऑगस्ट

धागा वर काढतोय, रागावू नका.

उन्हाळा गेला, पाऊस निम्म्याच्या वर गेला. पापुद्रा एकही नाही. पश्चिमेची बाजू मे महिन्यात बरीच फिकी पडली, रंधादादा म्हणाले तशी. तिथे पाण्याचे थेंब आता मोती होत नाहीत, शोषले जातात. बाकी तीन बाजू ठीक. अँगलवर न घेतलेल्या खांबांपैकी एकाच्या बुडाशी वाळवीची मातीची नळी दिसली, ती खरवडून बोरॅक्सचं पाणी दिलंय, पण दिवाळीत त्यांनाही अँगलवर घेणार.

स्टील स्क्रूंखाली एकही काळा ओघळ नाही. जिथे चार जुने खिळे विसरलो होतो, तिथे बरोबर चार ओघळ आहेत.

पश्चिमेला या नोव्हेंबरात एक हात देऊन टाकू का? की दोन वर्षं पूर्ण होऊ द्यावीत?

---

रंधा | १९ ऑगस्ट

थेंब शोषला जातोय म्हणजे ते मागतंय. वर्ष मोजू नका, पाणी शिंपडून बघा. फक्त पश्चिमेला द्या. साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून, एकच हात, आणि पुसून घ्या.

---

गिरणाकाठची | २० ऑगस्ट

गेल्या वर्षीचा उरलेला डबा वापरणार असाल तर आधी उघडून बघा. माझ्या उरलेल्या डब्यात वर साय धरली होती, आणि ती ढवळून टाकली तर गुठळ्या झाल्या. साय काढून टाका, जुन्या मोज्यातून गाळून घ्या.

---

वाघूरकाठ | २० ऑगस्ट

उघडला. साय आहे. मोजा शोधतोय, आई म्हणतेय गोधडीचाच तुकडा घे.